एक गळा, दोन सूर : घरच्या ध्वनिमुद्रणासाठी यंत्र कसे निवडावे?

रेडिओवर एखादे गाणे ऐकताना कधी कधी एक गंमत लक्षात येते. गाणारी एकच असते, पण आवाज दोन ऐकू येतात. एक आवाज मूळ चाल गातो आणि त्याच गळ्यातून निघालेला दुसरा आवाज वरच्या सुरात त्याला साथ देतो. साधारणपणे एका माणसाला एका वेळी असे दोन सूर काढता येत नाहीत. मग हे घडते कसे?

उत्तर तसे सोपे आहे. ती गायिका दोन वेगवेगळ्या वेळी गायलेली असते आणि आपण ते दोन्ही एकाच वेळी ऐकतो. दुसऱ्यांदा गाताना तिच्या कानात तिचेच पहिले गाणे वाजत असते. वेगवेगळ्या वेळचे आवाज वेगवेगळ्या कप्प्यांत साठवायचे आणि ते एकमेकांशी तंतोतंत जुळवून वाजवायचे, हे काम करणाऱ्या यंत्राला मल्टिट्रॅक रेकॉर्डर म्हणतात. त्यातल्या प्रत्येक कप्प्याला ट्रॅक असे नाव आहे.

पूर्वी फक्त मोठ्या स्टुडिओंत असणारे हे यंत्र आज टेबलावर मावते. समूहगीते, नाटुकल्यांचे पार्श्वसंगीत, कवितांच्या चाली यांसाठी असे एखादे यंत्र घ्यावे, असे पुष्कळ शिक्षकांना आणि हौशी मंडळींना वाटते. दुकानात गेल्यावर मात्र बटणांची गर्दी आणि माहितीपत्रकातले आकडे पाहून गोंधळ उडतो. "सगळ्यांत सोपे कोणते?" असा प्रश्न मग विचारला जातो. आमचे उत्तर असे, की कमी बटणे असलेले यंत्र सोपे असतेच असे नाही. माइकपासून हेडफोनपर्यंतचा आवाजाचा रस्ता ज्या यंत्रात आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो, ते यंत्र वापरायला सोपे जाते. म्हणून आधी तो रस्ता समजून घेऊ आणि मग निवडीकडे वळू.

थरावर थर

१९४१ साली सिडनी बेशे या जॅझ वादकाने एका गाण्यात सहा वाद्ये एकट्याने वाजवली. त्या काळी ध्वनिमुद्रण तबकडीवर होई. पहिल्या तबकडीवर एक वाद्य मुद्रित करायचे, ती वाजवत दुसरे वाद्य वाजवायचे आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर घ्यायचे, अशी ही पद्धत होती. प्रत्येक फेरीत आधीचे आवाज पुन्हा एकदा नकलले जात. नकलेची नक्कल केली की अक्षरे पुसट होतात आणि कागदावरचे डाग वाढत जातात, तसेच इथेही होई. सर्वांत आधी वाजवलेले वाद्य सर्वांत जास्त खरखरीत बुडून जाई.

अमेरिकेतील गिटारवादक लेस पॉल यांनी हीच युक्ती आधी तबकड्यांवर आणि पुढे चुंबकीय फितीवर खूप पुढे नेली. १९५१ साली लेस पॉल आणि त्यांची पत्नी मेरी फोर्ड यांची गाणी अमेरिकेत घरोघरी वाजत होती. त्यांत मेरी फोर्ड स्वतःच स्वतःला साथ करीत. पण या पद्धतीत एक धोका होता. नवा थर चढवताना जुना थर त्याच्यात कायमचा मिसळून जाई. दहाव्या थराला चूक झाली, तर आधीचे नऊ थरही वाया जात. शिवाय गिटार जरा मोठी झाली, गळा जरा दबला, असे नंतर लक्षात आले तरी काही करता येत नसे. कालवलेल्या भातातून मीठ परत काढता येत नाही, तसाच हा प्रकार.

यावर उपाय म्हणजे आवाज मिसळूच द्यायचे नाहीत. एकाच रुंद फितीवर शेजारी शेजारी पट्टे आखायचे आणि प्रत्येक पट्ट्यावर एकेक आवाज ठेवायचा. अँपेक्स या कंपनीने असे आठ ट्रॅकचे यंत्र बनवून १९५७ साली लेस पॉल यांना दिले. मल्टिट्रॅकचे मर्म या वेगळेपणात आहे. कोणता आवाज किती मोठा ठेवायचा, हा निर्णय गाताना घ्यावा लागत नाही. तो नंतर शांतपणे घेता येतो आणि बदलताही येतो. या शेवटच्या जुळवाजुळवीला मिक्सिंग म्हणतात.

चार सेंटिमीटरचा घोटाळा

पट्टे आखले म्हणजे काम झाले, असे वाटेल. पण इथे एक अडचण आहे, आणि ती समजली की आजची यंत्रे निवडतानाही उपयोगी पडते.

जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाज फितीवर उमटवणारे हेड वेगळे आणि उमटलेला आवाज वाचणारे हेड वेगळे असे. फीत आधी मुद्रण करणाऱ्या हेडवरून जाई आणि मग वाचणाऱ्या हेडवरून. समजा या दोन हेडांमध्ये ४ सेंटिमीटर अंतर आहे आणि फितीचा वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर आहे. म्हणजे एखादी जागा पहिल्या हेडपासून दुसऱ्यापर्यंत जायला ४ भागिले ३८, म्हणजे सुमारे ०.१ सेकंद लागतो. आता गायक वाचणाऱ्या हेडवरून येणारा तबला ऐकत गातो आहे. तो अगदी तालात गायला, तरी त्याचा आवाज फितीवर ४ सेंटिमीटर मागे उमटेल. पुढे दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले, की गाणे तबल्याच्या ०.१ सेकंद मागे पडेल. मात्रा अर्ध्या सेकंदाची असेल, तर हा एक-पंचमांश मात्रेचा फरक झाला. तो कोणाच्याही कानाला खटकेल.

अँपेक्सच्या तंत्रज्ञांनी यावर सुरेख तोड काढली. मुद्रण करणाऱ्या हेडच्याच काही पट्ट्यांकडून वाचण्याचे काम करून घ्यायचे. तबल्याचा पट्टा ज्या रेषेवर वाचला जातो, त्याच रेषेवर शेजारच्या पट्ट्यात गाणे उमटते. त्यामुळे अंतर उरत नाही आणि उशीरही होत नाही. वाचताना या हेडचा आवाज थोडा निकृष्ट येई, पण गाणाऱ्याला तो फक्त तालासाठी हवा असतो.

तेव्हा मल्टिट्रॅक यंत्राची खरी कसोटी ही आहे. जुने ऐकत नवे मुद्रित करताना दोन्ही काळ जुळून राहतात का? ट्रॅक किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

स्टुडिओ घरात आला

पुढची वीस वर्षे ही यंत्रे महागच राहिली. लंडनच्या ईएमआय स्टुडिओत १९६७ साली बीटल्सनी सार्जंट पेपर ही आपली गाजलेली तबकडी केली, तीसुद्धा चार ट्रॅकच्या यंत्रांवर. चार ट्रॅक भरले, की ते मिसळून दुसऱ्या यंत्राच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुढचे वाजवायचे, असे करत त्यांनी काम भागवले.

१९७९ साली टॅस्कम या जपानी कंपनीने पोर्टास्टुडिओ १४४ हे यंत्र आणले आणि चित्र बदलले. त्यात साधी कॅसेट चालत असे. कॅसेटची फीत असते सुमारे ३.८ मिलिमीटर रुंद. नेहमीच्या टेपरेकॉर्डरमध्ये तिचा अर्धा भाग एका बाजूला आणि उरलेला अर्धा दुसऱ्या बाजूला वापरला जातो. पोर्टास्टुडिओने पूर्ण रुंदीत चार ट्रॅक एकाच दिशेने घातले आणि फितीचा वेग दुप्पट, म्हणजे सेकंदाला सुमारे ९.५ सेंटिमीटर केला. वेग वाढल्याने बारीक आवाज अधिक स्वच्छ उमटू लागले. त्याची किंमत मात्र वेळेत मोजावी लागली. ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्धा तास चालते. दुप्पट वेगाने ती पंधरा मिनिटांत संपे आणि कॅसेट उलटून घालण्याची सोयही उरली नव्हती.

या यंत्रात रेकॉर्डर आणि मिक्सर एकाच पेटीत होते. वेगवेगळी यंत्रे वायरींनी जोडत बसायला नको, हीच त्याची मोठी सोय. १९८२ च्या जानेवारीत अमेरिकेतील गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी न्यू जर्सीतील आपल्या घरी, निजायच्या खोलीत, असेच यंत्र ठेवून काही गाणी मुद्रित केली. ही कच्ची गाणी आपल्या वाद्यवृंदाला ऐकवावीत, एवढाच त्यांचा हेतू होता. पुढे स्टुडिओत वाद्यवृंदासह तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण कच्च्या मुद्रणातला जिवंतपणा तिथे येईना. शेवटी घरच्या कॅसेटवरूनच त्या वर्षी नेब्रास्का या नावाची तबकडी निघाली.

ही हकिगत सांगण्याचे कारण एवढेच, की चार ट्रॅक, दोन माइक आणि एक शांत खोली इतक्या सामग्रीवर टिकाऊ काम होऊ शकते. यंत्राची मर्यादा आधी माहीत असली, की तिच्यात राहून काम करता येते.

फितीच्या जागी आकडे

आजच्या यंत्रात फीत नसते. माइकमधून येणारा विद्युतदाब सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजला जातो आणि ते आकडे मेमरी कार्डावर लिहिले जातात. ४८,००० वेळा आणि प्रत्येक मोजणी २४ बिटांची, म्हणजे ३ बाइटांची धरली, तर एका ट्रॅकला सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात. मिनिटाला सुमारे साडेआठ मेगाबाइट झाले. पाच मिनिटांच्या आठ ट्रॅकच्या गाण्याला साधारण ३५० मेगाबाइट पुरतात. आजच्या कार्डांच्या मानाने हे अगदीच थोडे आहे. म्हणून यंत्र घेताना साठवणुकीची फारशी चिंता नको.

आकड्यांचा मोठा फायदा असा, की नक्कल करताना खरखर वाढत नाही. फितीवर सारख्याच पातळीची खरखर असलेले दोन ट्रॅक मिसळले, तर एकूण खरखर ३ डेसिबेलने वाढे. आठ ट्रॅक मिसळले, तर ९ डेसिबेलने. त्यावर नकलेची आणखी भर पडे. आकड्यांची नक्कल मात्र मुळाइतकीच शुद्ध असते. अर्थात माइकमधूनच पंख्याचा आवाज आत शिरला असेल, तर आकडे तोही तितक्याच निष्ठेने जपतात, हे विसरू नये.

निवडताना विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न : एका वेळी किती आवाज वेगवेगळे घेता येतात? इथे नेहमी गफलत होते. यंत्रावर "८ ट्रॅक" लिहिलेले असते. त्याचा अर्थ आठ आवाज साठवता आणि एकत्र वाजवता येतात. एकाच वेळी आठ माइक जोडता येतील, असा तो अर्थ नव्हे. उदाहरणार्थ, टॅस्कमच्या डीपी-०३एसडी या यंत्रात आठ ट्रॅक आहेत, पण एका वेळी मुद्रण दोनच ट्रॅकवर होते. त्याच कंपनीच्या डीपी-२४एसडी या यंत्रात चोवीस ट्रॅक आहेत आणि एका वेळी आठांवर मुद्रण होते. एकटा माणूस एकेक वाद्य वाजवत गाणे उभे करणार असेल, तर दोन पुरतात. तबला, पेटी, गायक आणि झांजा यांना एकत्र बसवून प्रत्येकाचा आवाज वेगळा ठेवायचा असेल, तर चार तरी हवेत. तबल्याच्या दोन्ही अंगांना वेगळे माइक लावायचे ठरवले, तर पाच. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी कागदावर आपला वाद्यमेळ मांडावा आणि माइक मोजावेत.

दुसरा प्रश्न : गाणाऱ्याला स्वतःचा आवाज किती उशिराने ऐकू येतो? जुन्या यंत्रातल्या चार सेंटिमीटरच्या घोटाळ्याचे हे नवे रूप आहे. संगणक आकडे एकेक करून हाताळत नाही. तो त्यांचा एक गठ्ठा जमवतो आणि मग पुढे पाठवतो. गठ्ठा ५१२ आकड्यांचा असेल आणि सेकंदाला ४८,००० आकडे येत असतील, तर एक गठ्ठा जमायला सुमारे १०.७ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक गठ्ठा आणि बाहेर जाताना एक गठ्ठा, असा उशीर दुप्पट होतो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर. २१ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे आपला आवाज सात मीटरवरून परत ऐकण्यासारखे झाले. वादक मग चाचपडू लागतो आणि लय ओढली जाते. गायकाला तर याहून कमी उशीरही जाणवतो. कारण स्वतःचा आवाज त्याला हाडांतून तत्काळ ऐकू येत असतो आणि हेडफोनमधला उशिरा आलेला आवाज त्यात मिसळून काही सूर पोकळ करतो. ५ मिलिसेकंद म्हणजे १०० हर्ट्झच्या कंपनाचा बरोबर अर्धा आवर्तनकाळ. त्या सुराच्या लाटा एकमेकींना छेद देतात.

स्वतंत्र मल्टिट्रॅक यंत्र हे एकच काम करते, त्यामुळे त्यातला उशीर सहसा जाणवत नाही. संगणकाला जोडायच्या ध्वनिपेटीत, जिला सगळे ऑडिओ इंटरफेस म्हणतात, माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला मिळण्याची सोय आहे का, हे पाहून घ्यावे. ब्लूटूथचा बिनतारी हेडफोन या कामाला घेऊ नये. त्यातला उशीर बऱ्याचदा ०.१ सेकंदाहूनही जास्त असतो. वायरचा आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यावा. म्हणजे तबल्याचा आवाज हेडफोनमधून गळून गायकाच्या माइकमध्ये शिरणार नाही.

तिसरा प्रश्न : आवाजाची पातळी बसवणे किती सोपे आहे? लहान मुलांचा आवाज, पेटी आणि ढोलकी यांच्या तीव्रतेत फार फरक असतो. पातळी कमी ठेवली तर आवाज खरखरीत बुडतो. जास्त ठेवली तर लाटांचे माथे छाटले जातात आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. इथे बिटांची संख्या कामाला येते. प्रत्येक बिट साधारण ६ डेसिबेलचा पल्ला देते. १६ बिटांना सुमारे ९६ डेसिबेल मिळतात आणि २४ बिटांना कागदावर १४४. म्हणून २४ बिटांच्या यंत्रात वरची चार बिटे, म्हणजे २४ डेसिबेल, खुशाल मोकळी सोडून मुद्रण करावे. कोणी अचानक जोरात गायले तरी आवाज फाटत नाही. झूमच्या आर४ सारख्या अलीकडच्या काही यंत्रांत ३२ बिटांची तरंगत्या दशांशचिन्हाची पद्धत वापरली आहे. फार लहान आणि फार मोठी संख्या वैज्ञानिक पद्धतीने दहाच्या घातात लिहावी, तसाच हा प्रकार आहे, फक्त घात दोनाचा असतो. तिच्यात आकड्यांच्या पातळीवर आवाज जवळजवळ फाटतच नाही. नवख्या माणसाला हा मोठाच दिलासा आहे. मात्र माइकच आवाज सोसेनासा झाला, तर तिथे ही पद्धतही काही करू शकत नाही.

चौथा प्रश्न : एका कामाला एक बटण आहे का? प्रत्येक ट्रॅकला स्वतःचा सरकता दांडा असेल, तर कोणता आवाज किती मोठा, हे एका नजरेत दिसते. तेच काम छोट्या पडद्यावरच्या यादीत शिरून करावे लागले, तर बटणे कमी दिसूनही यंत्र अवघड जाते. दुकानात एक चाचणी अवश्य करावी. पुस्तिका न उघडता एका ट्रॅकवर टाळ्या मुद्रित कराव्यात, त्या ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर आकडे मोजावेत आणि मग दोन्ही एकत्र वाजवून पाहावे. दहा मिनिटांत हे जमले, तर यंत्र आपल्यासाठी सोपे आहे. त्याच वेळी, चुकलेली एकच ओळ मधल्या मध्ये पुन्हा मुद्रित कशी करायची आणि ती बिघडली तर आधीची परत कशी आणायची, हेही विचारून घ्यावे.

पाचवा प्रश्न : प्रत्येक ट्रॅक वेगळा बाहेर काढता येतो का? तो वेव्ह या नेहमीच्या फाइल-प्रकारात मिळाला पाहिजे. यंत्रे येतात आणि जातात. आठ ट्रॅकचा फिती लावून चालणारा आकडेवारी रेकॉर्डर १९९२ च्या सुमारास बाजारात आला, तेव्हा त्याची मोठी वाहवा झाली होती. आज त्या फिती वाचायला चालू यंत्र शोधावे लागते. केवळ तयार गाणे जपून भागत नाही, सुटे ट्रॅकही दोन ठिकाणी जपावेत. जिथे वीज वरचेवर जाते, तिथे यंत्र बॅटरीवर चालते का, हेही पाहावे. मुद्रण चालू असताना वीज गेली, तर ती फाइल अर्धवट राहून निकामी होऊ शकते.

माइकविषयी एकच सूचना. काही माइकांना ४८ व्होल्टचा दाब यंत्राकडून मिळावा लागतो. आपला माइक त्या जातीचा असेल, तर यंत्रात ती सोय हवी. सभेत वापरतात त्या साध्या डायनॅमिक माइकला तिची गरज पडत नाही.

फोन, संगणक की वेगळे यंत्र?

हाताशी संगणक असेल, तर पैसे खर्च न करताही सुरुवात करता येते. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम २००० सालापासून उपलब्ध आहे आणि त्यात पाहिजे तेवढे ट्रॅक घेता येतात. ॲपलच्या संगणकांवर आणि फोनवर गॅरेजबँड मिळतो. संगणकाची बाजू मिक्सिंगमध्ये भक्कम आहे. लाटा डोळ्यांनी दिसतात आणि कापाकापी अचूक होते. पण पंख्याची घरघर, मध्येच येणाऱ्या सूचना आणि उशिराची जुळणी या गोष्टी सांभाळाव्या लागतात. वेगळे यंत्र चालू केले की लगेच कामाला लागते, वर्गात उचलून नेता येते आणि मुलांच्या हातीही देता येते. आमच्या मते घरी एकट्याने हौस करणाऱ्याने आधी संगणकावर महिनाभर हात बसवावा. वर्गात मुलांना घेऊन काम करायचे असेल, तर दोन माइकचे, सरकत्या दांड्यांचे वेगळे यंत्र घ्यावे आणि मिक्सिंगसाठी ट्रॅक संगणकावर न्यावेत.

"दोन फोन ठेवून दोन ट्रॅक घेतले तर?" असे कोणी विचारेल. कल्पना वाईट नाही, पण एक अडचण आहे. प्रत्येक फोनचे ठोके त्याच्या आतल्या स्फटिकाच्या कंपनांवरून ठरतात आणि दोन स्फटिक कधीच अगदी सारखे नसतात. त्यांच्यात दहा लाखांत पन्नास इतका फरक धरला, तर पाच मिनिटांत, म्हणजे ३०० सेकंदांत, १५ मिलिसेकंदांची तफावत पडते. सुरुवात जुळवली तरी शेवट सुटतो. मल्टिट्रॅक यंत्रात सर्व ट्रॅकना घड्याळ एकच असते. आम्ही प्रयोगशाळेत एकाच घटनेची अनेक मोजमापे घेतो, तेव्हाही हाच नियम पाळतो. उपकरणे कितीही असोत, घड्याळ एकच हवे.

मल्टिट्रॅक केव्हा नको?

यंत्र हाती आले, की प्रत्येक गोष्ट सुटी सुटी करण्याचा मोह होतो. तो आवरावा. ख्यालगायनात तबलजी गायकाकडे पाहत असतो. गायक समेकडे येताना किंचित रेंगाळला, तर त्याला सांभाळून घेतो. पेटीवाला गायकाची जागा ऐकून तिचा मागोवा घेतो. ही देवाणघेवाण त्याच क्षणी होते. आधी तबला, मग पेटी, शेवटी गाणे असे वेगळे मुद्रित केले, तर प्रत्येक सूर बरोबर येईल आणि संवाद हरवेल. कारण कालचा तबला आजच्या गायकाचे ऐकू शकत नाही. अशा वेळी सर्वांना एकत्र बसवावे. आवाज वेगळे हवेतच असतील, तर प्रत्येकाला माइक द्यावा, पण गाऊ द्यावे एकत्रच.

जात्यावरच्या ओव्या, आजीच्या तोंडच्या कहाण्या किंवा गावातले भजन जपून ठेवायचे असेल, तर मल्टिट्रॅकची गरजच नाही. दोन माइकचा साधा स्टिरिओ रेकॉर्डर पुरतो आणि तो समोर असल्याचे म्हाताऱ्या माणसाला फारसे जाणवतही नाही. तिथे हेडफोन आणि वायरींचा पसारा मांडला, तर ओवी ओठांतच राहील.

भावगीत किंवा शाळेचे समूहगीत यांना मात्र मल्टिट्रॅक चांगले मानवते. क्रम असा ठेवावा. पहिल्या ट्रॅकवर तानपुऱ्याचा सूर घ्यावा आणि त्याच सुराशी पेटी जुळवावी. दुसऱ्यावर केवळ मार्गदर्शक म्हणून कच्चे गाणे घ्यावे. तालासाठी लयमापकाची टिकटिक लागली, तर ती फक्त हेडफोनमध्ये सोडावी. मग तबला, त्यानंतर पेटी आणि शेवटी मनासारखे गाणे. ते झाले, की कच्चे गाणे काढून टाकावे. वर्गात पंधराच मुले असतील, तर त्यांना जागा बदलून उभे करून दुसऱ्यांदा गाऊन घ्यावे. दोन्ही वेळी आवाजांत बारीक फरक पडतात आणि तीस मुलांचा मेळा गातो आहे, असे वाटू लागते.

वर्गात करून पाहा

१. संगणकाचा उशीर मोजा. ऑडॅसिटीत एका ट्रॅकवर टिकटिक तयार करा. हेडफोन माइकजवळ धरून ती वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर मुद्रित करा. दोन्ही ट्रॅकमधल्या टिकटिकींच्या लाटा मोठ्या करून त्यांच्यातले अंतर मिलिसेकंदांत वाचा. प्रोग्रॅम स्वतः थोडी दुरुस्ती करतो. तेव्हा दिसते ते दुरुस्तीनंतर उरलेले अंतर. प्रोग्रॅमच्या मांडणीत उशिराचा आकडा बदलून ते शून्यावर आणता येते का, ते पाहा.

२. दोन फोनांची घड्याळे तपासा. दोन्ही फोन शेजारी ठेवून मुद्रण सुरू करा. एक टाळी वाजवा, दहा मिनिटे थांबा, पुन्हा एक टाळी वाजवा. दोन्ही फाइली संगणकावर घेऊन पहिल्या टाळ्या एकमेकींखाली जुळवा. दुसऱ्या टाळ्या किती सुटल्या? त्यावरून दोन स्फटिकांतला फरक दहा लाखांत किती, ते काढा.

३. एक गणित. चार ट्रॅकच्या फितीच्या यंत्रात तीन ट्रॅक भरून ते चौथ्यावर मिसळले, तर पहिले तीन पुन्हा मोकळे होतात. मग दोन भरून ते तिसऱ्यावर मिसळायचे आणि उरलेल्या दोन ट्रॅकवर एकेक आवाज घ्यायचा. एकूण ३ + २ + १ + १ = ७ आवाज झाले. असेच करत गेल्यास आठ ट्रॅकच्या यंत्रात किती आवाज मावतील? सर्वसाधारण सूत्र मांडता येईल का? आणि सर्वांत आधी मिसळलेल्या आवाजांविषयी कोणती काळजी घ्यावी लागेल, तेही मुलांना विचारा. एकदा मिसळले ते वेगळे होत नाही, हे त्यांच्या तोंडून आले, तर मल्टिट्रॅक यंत्राचे मर्म त्यांना समजले असे समजावे.